सांत्वन आणि उपदेश : योहान ख्रिसोस्तोम याची विधवांस लिहिलेली पत्रे

१

इतिहासाचे साधन म्हणून पत्रांचे महत्त्व मराठी वाचकांस नव्याने सांगावयास नको. मराठ्यांच्या इतिहासाचा फार मोठा भाग पत्रांच्याच आधारावर उभा आहे. राजकारण, वसुली आणि मोहिमा यांविषयीच्या पत्रांबरोबर दुखवट्याची पत्रेही जुन्या दप्तरांत आढळतात. परंतु त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. त्यांत बातमी नसते, तारखा जुळविण्यास उपयोगी पडेल असा मजकूर थोडा असतो, आणि वाक्ये बहुधा ठरीव साच्याची असतात. तथापि या साच्यातच त्यांचे मोल आहे. एखादा समाज मृत्यूविषयी काय मानतो, आणि त्याहीपेक्षा मागे राहिलेल्या माणसाकडून कोणत्या वर्तनाची अपेक्षा करतो, हे अशा पत्रांतून जितके उघड होते तितके धर्मग्रंथांतूनही होत नाही.

विधवेस लिहिलेल्या सांत्वनपत्रांच्या बाबतीत ही गोष्ट विशेषच खरी आहे. पित्याच्या वा पुत्राच्या मृत्यूने शोक होतो. पतीच्या मृत्यूने प्राचीन समाजातील स्त्रीला शोकाबरोबरच अनेक प्रश्नांना तोंड द्यावे लागे. मालमत्ता कोणी सांभाळावयाची, मुलांचे काय, पुन्हा विवाह करावयाचा की नाही, यांचा निर्णय दुःखाचा पहिला भर ओसरण्यापूर्वीच करावा लागे. अशा वेळी धर्मपुरुषाकडून आलेले पत्र अश्रू पुसण्यासाठी लिहिलेले असले तरी पुढील आयुष्याची वाटही दाखवून जात असे. सांत्वन कोठे संपते आणि उपदेश कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण होते.

या दृष्टीने चौथ्या व पाचव्या शतकांच्या संधिकालातील एका ख्रिस्ती धर्मपुरुषाची पत्रे अभ्यासनीय आहेत. अंत्युखिया येथील योहान हा आपल्या वक्तृत्वामुळे पुढे ख्रिसोस्तोम, म्हणजे ‘सुवर्णमुख’, या नावाने प्रसिद्ध झाला. इ. स. ३८० च्या सुमारास त्याने एका तरुण विधवेस दीर्घ सांत्वनपत्र लिहिले. सुमारे पाव शतकानंतर, इ. स. ४०४ ते ४०७ या काळात, हद्दपारीत असताना त्याने ऑलिंपियास या दुसऱ्या एका विधवेस सतरा पत्रे लिहिली. लेखक एक, धर्म एक, आणि दोन्ही ठिकाणी वाचणारी स्त्री विधवाच. परंतु पहिल्या पत्रात शोकावर युक्तिवादाने मात करण्याचा प्रयत्न आहे, तर दुसऱ्या पत्रसमूहात शोक हे एक वास्तव म्हणून स्वीकारलेले आढळते. हा फरक कशामुळे पडला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

ख्रिसोस्तोमापूर्वी सांत्वनपत्राचा प्रकार ग्रीक व रोमन जगात शेकडो वर्षे रूढ होता. इ. स. पूर्व ४५ मध्ये सिसेरोची कन्या तुलिया मरण पावली, तेव्हा सर्व्हियस सुल्पिसियस याने त्याला लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. सेनेकाने मार्सिया या स्त्रीस पुत्रशोकाच्या प्रसंगी एक दीर्घ लेख लिहून पाठविला. प्लूटार्काने आपली लहान मुलगी वारली असता प्रवासातून स्वतःच्या पत्नीला पत्र लिहिले. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस मेनँडर नावाच्या वक्तृत्वशास्त्रज्ञाने सांत्वनपर भाषणाचे नियमही सांगितले.

या परंपरेतील मुद्दे ठरून गेलेले होते. मृत्यू सर्वांना आहे. मृताला आता पीडा नाही. अकाली मृत्यूने त्याची पुढील संकटे टळली. राजेरजवाडेही यातून सुटलेले नाहीत. आणि काळ जे काम आपोआप करणार ते विवेकाने आजच करावे. वैद्यकातून घेतलेला एक नियमही सर्वमान्य होता. जखम ताजी असताना तिला हात लावू नये. शोकाचा पहिला वेग ओसरल्यानंतरच बोलावे.

ख्रिस्ती लेखकांनी ही चौकट टाकून दिली नाही. तिच्यात पुनरुत्थानाची आशा, ईश्वरी इच्छेचा स्वीकार आणि धर्मग्रंथांतील दाखले यांची भर घातली. कैसरियाचा बिशप बेसिल याने सेनापती अरिंथियस याच्या विधवेस लिहिलेले पत्र हे या मिश्रणाचे नमुनेदार उदाहरण होय. त्यात मृताच्या पराक्रमाची स्तुती जुन्या पद्धतीची आहे. परंतु आयुष्याच्या अखेरीस त्याने बाप्तिस्मा घेतला होता, ही गोष्ट बेसिल सर्वांत मोठे समाधान म्हणून पुढे करतो. ख्रिसोस्तोमाचे शिक्षण याच ग्रीक वक्तृत्वपरंपरेत झालेले होते, आणि अंत्युखियाचा विख्यात शिक्षक लिबेनियस हा त्याचा गुरू असल्याचे परंपरा सांगते. तेव्हा तरुण विधवेस पत्र लिहावयास बसताना जुन्या सांत्वनशास्त्राची सर्व सामग्री त्याच्या हाताशी होती.

३

इ. स. ३८० चा हा काळ पूर्वेकडील रोमन साम्राज्याला अत्यंत बिकट होता. ९ ऑगस्ट ३७८ रोजी एड्रिआनोपलच्या रणभूमीवर गॉथ लोकांनी रोमन सैन्याचा धुव्वा उडविला, आणि सम्राट व्हॅलेन्स त्या युद्धात नाहीसा झाला. पुढील जानेवारीत थिओडोसियस सम्राटपदी आला. पण गॉथांचा उपद्रव चालूच होता. ख्रिसोस्तोम या वेळी तिशीच्या आसपास होता. डोंगरातील तपस्व्यांच्या सहवासात काही वर्षे काढून, प्रकृती ढासळल्यामुळे, तो अंत्युखियास परतला होता. पुढे इ. स. ३८६ मध्ये त्यास पुरोहितपद मिळाले.

ज्या स्त्रीला पत्र लिहिले तिचे नाव पत्रात कोठेही येत नाही. तिच्या पतीचे नाव मात्र येते: थेरासियस. त्यांचा संसार अवघा पाच वर्षांचा होता. थेरासियस प्रतिष्ठित घराण्यातील होता आणि पुढे प्रांताधिपतीच्या दर्जाचे पद त्यास मिळेल अशी सर्वांची अपेक्षा होती. पत्रात त्याचा सौम्य स्वभाव, सरळपणा, समंजसपणा आणि धर्मनिष्ठा यांचा गौरव केलेला आहे.

पत्राचा प्रारंभ जुन्या नियमानुसारच होतो. घाव मर्मी लागला आहे हे कोणीही नाकारणार नाही, असे ख्रिसोस्तोम प्रथमच मान्य करतो. परंतु जखमी माणसाने सारे आयुष्य रडण्यात न घालविता जखम बरी करण्याकडे लक्ष द्यावे, असे तो लगेच पुढे म्हणतो. शोकाचे वादळ जोरात असताना आपण मुद्दाम गप्प राहिलो, हेही तो सांगतो.

यानंतर पत्राचे मुख्य प्रतिपादन येते. पती मेला नसून दूरच्या प्रवासास गेला आहे. हा वियोग काही काळापुरता आहे. समज, कोणी त्याला साऱ्या पृथ्वीचे राज्य देऊ केले असते आणि त्यासाठी वीस वर्षे दूर राहण्याची अट घातली असती, तर ती अट तू आनंदाने मान्य केली नसतीस काय, असा प्रश्न तो विचारतो. आता तर पृथ्वीच्या राज्याहून मोठे वैभव त्यास लाभले आहे. त्याच्यासारखेच निर्मळ जीवन तू जगलीस, तर पुन्हा त्याची भेट होईल. आणि ते सहजीवन पाच वर्षांचे किंवा शंभर वर्षांचे नसून अनंत असेल. मात्र त्यासाठी त्याची शय्या त्याच्याकरिताच राखून ठेविली पाहिजे.

येथे सांत्वन उपदेशात कसे मिसळते ते स्पष्ट दिसते. पुनर्भेटीच्या आशेसच पुनर्विवाह न करण्याची अट जोडलेली आहे. ख्रिसोस्तोमाने याच सुमारास एकविवाहाविषयी एक स्वतंत्र निबंध लिहिला, आणि तो सामान्यतः या पत्रास जोडूनच छापला जातो. दुसरा विवाह धर्मबाह्य नाही हे तो त्यात मान्य करतो. पण संसाराचा अनुभव नसलेल्या मुलीला विवाहाची ओढ वाटावी यात नवल नाही, ज्या स्त्रीने त्यातील क्लेश सोसले तिने पुन्हा त्याच वाटेने का जावे, असे त्याचे म्हणणे आहे. पौलाच्या नावावर असलेल्या तीमथ्याच्या पहिल्या पत्रातील पाचव्या अध्यायात मंडळीच्या यादीत घ्यावयाच्या विधवेचे वय साठ वर्षांहून कमी नसावे असे सांगितले असून, तरुण विधवांनी विवाह करावा अशी इच्छाही त्याच अध्यायात व्यक्त झाली आहे. चौथ्या शतकातील तपस्वी विचारांचा ओघ यापेक्षा वेगळ्या दिशेने वाहत होता. ख्रिसोस्तोमाचे पत्र त्या ओघातले आहे.

४

तथापि हे पत्र म्हणजे केवळ बंधन घालण्याचा प्रयत्न होय, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. विधवा या शब्दाविषयी ख्रिसोस्तोम जे लिहितो ते त्या काळच्या मानाने महत्त्वाचे आहे. हा शब्द आपत्तीचा नसून मानाचा आहे, असे तो आग्रहाने सांगतो. मंडळीच्या यादीत विधवेचे नाव नोंदले जावे यासाठी तिची सत्कृत्ये तपासली जात, तेव्हा हे एक पद आहे, केवळ दुर्दैवाची खूण नव्हे, असा त्याचा युक्तिवाद आहे.

ग्रीक भाषेत विधवेस असलेल्या शब्दात रितेपणाचा, काहीतरी हिरावले गेल्याचा अर्थ आहे. संस्कृतातील ‘विधवा’ आणि लॅटिनमधील ‘विदुआ’ हे शब्द तर एकाच मुळाचे असून त्यांतही तोच अभाव सूचित होतो. अशा शब्दाला मानाचा अर्थ देण्याचा प्रयत्न अन्य समाजांतही झालेला दिसतो. मराठी पत्रलेखनात विधवेच्या नावापूर्वी ‘गंगाभागीरथी’ हे उपपद लावण्याचा प्रघात होता, आणि ‘गं. भा.’ हे त्याचे संक्षिप्त रूप विसाव्या शतकातही लग्नपत्रिकांपासून व्यवहाराच्या कागदांपर्यंत दिसत असे. उपपदाने मान मिळतो, तसेच त्या मानाला साजेसे वर्तनही अपेक्षिले जाते. ख्रिसोस्तोमाच्या ‘पद’ या कल्पनेस हीच दुसरी बाजू होती.

हा मान त्याला केवळ ग्रंथांतून ठाऊक झाला नव्हता. तो स्वतः विधवेचा मुलगा होता. त्याची आई अँथूसा वयाच्या विसाव्या वर्षी विधवा झाली आणि तिने पुन्हा विवाह केला नाही. या पत्रात तो एक आठवण सांगतो. त्याच्या ख्रिस्तेतर शिक्षकाने त्याच्या आईची चौकशी केली. तिचे वय चाळीस असून तिच्या वैधव्यास वीस वर्षे झाली आहेत असे कळताच, ख्रिस्ती लोकांतील स्त्रिया केवढ्या थोर आहेत, असे तो आश्चर्याने सर्वांसमक्ष म्हणाला.

अँथूसेची दुसरी प्रतिमा ख्रिसोस्तोमाच्या पौरोहित्यविषयक संवादग्रंथात आढळते, आणि ती अधिक बोलकी आहे. मुलगा घर सोडून तपस्वी होणार हे कळल्यावर ती त्याचा हात धरून आपल्या पलंगाशी बसविते आणि वैधव्याचे हाल सांगते. तरुण, अननुभवी स्त्रीला एकटीने घर चालवावे लागते. नोकर लबाडी करतात. नातलगांचे डाव चालू असतात. कर वसूल करणारे अधिकारी उर्मटपणे वागतात. हे सारे तुझ्या मुखाकडे पाहून सोसले. आता मला दुसऱ्यांदा विधवा करू नकोस, एवढेच तिचे मागणे आहे. हे शब्द मुलाने लिहिलेले असल्याने त्यांत वक्तृत्वाचा भाग असणार. पण त्यातील तपशील व्यवहारातले आहेत. वैधव्य हा मान आहे असे विधवेस कळविणाऱ्या लेखकाच्या घरातच वैधव्याचा जमाखर्चही मांडला गेला होता.

५

पत्राच्या उत्तरार्धात ख्रिसोस्तोम ऐहिक वैभवाकडे वळतो. पती जगता तर मोठ्या पदास पोचला असता, ही त्या स्त्रीची खंत होती. तिला तो समकालीन इतिहासाने उत्तर देतो. आपल्या काळात एकंदर नऊ जणांनी राज्य केले. त्यांपैकी केवळ दोघांस सर्वसामान्य मनुष्याचे मरण लाभले. कोणी बंडखोराच्या हातून मेला, कोणी रणात पडला, कोणी आपल्याच रक्षकांच्या कटास बळी पडला. शेवटचा एक सम्राट शत्रूने पेटविलेल्या घरात जळून गेला. हा उल्लेख व्हॅलेन्सचा आहे, हे वाचणाऱ्या स्त्रीस नाव न घेताही समजले असणार. कारण घटनेला दोन-तीन वर्षेच झाली होती. सम्राटांच्या विधवांचीही गत तो सांगतो: एक विषाने मेली, एक दुःखाने झुरून गेली, एक आपल्या पोरक्या मुलाच्या जिवासाठी भयभीत होऊन दिवस काढीत आहे.

गॉथांविषयीचा मजकूर तर त्या काळच्या भीतीचे प्रत्यक्ष चित्रच होय. ते आपला मुलूख सोडून साम्राज्यात शिरले आहेत, शहरे जाळीत आहेत, आणि परत जाण्याचा विचारही त्यांच्या मनात नाही; त्यांच्या एका राजाने रोमन सैनिकांची मेंढरांशी तुलना करून थट्टा केल्याचे ख्रिसोस्तोम नमूद करतो. इतिहासकारास या भागाचा उपयोग मोठा आहे. सांत्वन म्हणून मात्र तो कितपत उपयोगी पडला असेल याविषयी शंका घेण्यास जागा आहे. इतरांच्या विपत्तीची यादी ऐकून आपले दुःख हलके व्हावे, ही जुन्या सांत्वनशास्त्राची अपेक्षा. तिचा पाया तुलनेवर आहे, आणि पाच वर्षांच्या संसारानंतर पतीस मुकलेल्या स्त्रीच्या दुःखास तुलनेची गरजच नसते. या पानांवर वक्ता दिसतो. समोरची स्त्री काही वेळ दृष्टीआड होते.

६

पत्राच्या शेवटी मालमत्तेचा प्रश्न येतो. विधवेच्या धनावर अनेकांची नजर असते, ही भीती ख्रिसोस्तोम खोटी ठरवीत नाही. आपले धन स्वर्गात, म्हणजे जेथे पती आहे तेथे, पाठवून दे. मग चोर, कारस्थानी माणसे आणि खटले यांचे भय उरणार नाही, असा त्याचा उपाय आहे. धन स्वर्गात पाठविणे म्हणजे गोरगरिबांस देणे.

हा उपदेश समजून घेताना त्या वेळची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. मोठ्या शहरांतील ख्रिस्ती मंडळीवर निराधारांच्या पोषणाचा भार होता. अंत्युखियाची मंडळी तीन हजार विधवा व कुमारिकांस रोज अन्न पुरविते, असे ख्रिसोस्तोमाने पुढे एका प्रवचनात सांगितले आहे. श्रीमंत विधवेचे दान गरीब विधवेच्या ताटात पडत होते, हे यावरून दिसते. परंतु याच व्यवस्थेचा गैरफायदा घेणारेही होते. इ. स. ३७० मध्ये सम्राट व्हॅलेंटिनियन याने रोमचा बिशप डॅमासस याच्या नावे आज्ञापत्र पाठवून, धर्माधिकाऱ्यांनी विधवांच्या घरी जाण्यास आणि त्यांच्याकडून देणग्या वा वारसा घेण्यास मनाई केली. जेरोम हा स्वतः विधवांचा मार्गदर्शक. पण त्यानेही या कायद्याबद्दल तक्रार न करता, असा कायदा आपल्यावर ओढवावा याची खंत व्यक्त केली. शासनाचे लक्ष विधवेच्या आचरणावरही होते. इ. स. ३८१ मध्ये थिओडोसियसने विधवेच्या सक्तीच्या शोकाचा काळ दहा महिन्यांवरून एक वर्षापर्यंत वाढविला. त्यापूर्वी विवाह केल्यास तिला मानहानी व आर्थिक तोटा सोसावा लागे.

अशा रीतीने विधवेच्या दाराशी कायदा, नातलग, विवाहेच्छू पुरुष आणि धर्मपुरुष हे सर्व एकाच वेळी उभे असत. सांत्वनपत्र लिहिणारा निरिच्छ असला, तरी त्याचे पत्र या गर्दीतूनच तिच्या हाती पडत होते. तिने त्यास काय उत्तर दिले, ते काळाने राखलेले नाही.

७

इ. स. ३९८ मध्ये ख्रिसोस्तोम राजधानी कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला. तेथे त्याची ऑलिंपियासशी ओळख झाली. ती अत्यंत श्रीमंत घराण्यातील होती. राजधानीचा नगराधिपती राहिलेला नेब्रिडियस हा तिचा पती; विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच तो वारला. सम्राट थिओडोसियसने आपला नातलग एल्पिडियस याच्याशी तिचा विवाह करण्याचा घाट घातला. तिने नकार दिला, तेव्हा ती तीस वर्षांची होईपर्यंत तिची मालमत्ता नगराधिपतीच्या देखरेखीखाली ठेवण्याचा हुकूम झाला. आपल्यावरील मोठे ओझे उतरविल्याबद्दल तिने सम्राटाचे आभार मानले आणि ते धन गरिबांस वाटून टाकावे असे सुचविले, असे तिच्या चरित्रात नमूद आहे. इ. स. ३९१ मध्ये मालमत्ता तिला परत मिळाली. पुढे तिने मुख्य चर्चशेजारी स्त्रियांचा मठ स्थापन केला आणि ती डीकनेस या सेविकापदावर नियुक्त झाली.

तिच्याच कुटुंबातील साल्व्हिना ही दुसरी विधवा येथे उल्लेखनीय आहे. आफ्रिकेतील मूर सरदार गिल्डो याची ही कन्या. तिचा पती नेब्रिडियस हा ऑलिंपियासच्या पतीचा पहिल्या विवाहापासून झालेला मुलगा होता. तो तरुणपणीच वारला, तेव्हा जेरोमने बेथलेहेमहून इ. स. ४०० च्या सुमारास तिला सांत्वनपत्र पाठविले. तिची त्याची ओळख नव्हती. पतीची स्तुती, लहान मुलांचा सांभाळ, आहार व उपवास यांविषयीचे नियम आणि पुनर्विवाह न करण्याचा आग्रह, असा त्या पत्राचा आशय आहे. ख्रिसोस्तोमाचे इ. स. ३८० चे पत्र हे एका प्रकाराचे प्रातिनिधिक पत्र होते, हे जेरोमच्या पत्रावरून सिद्ध होते.

परंतु राजधानीतील ख्रिसोस्तोम या साच्यातून हळूहळू बाहेर पडत होता. ऑलिंपियास मागेल त्यास देत सुटली आहे असे पाहून त्याने तिला आवर घालण्यास सांगितले. ज्यांच्यापाशी आहे त्यांनाच देणे म्हणजे समुद्रात पाणी ओतणे होय. धन गरिबांसाठी ठेव म्हणून सांभाळावे आणि गरज पाहून द्यावे, असा त्याचा सल्ला होता, असे इतिहासकार सोझोमेन लिहितो. अंत्युखियाच्या विधवेस धन स्वर्गात पाठवावयास सांगणारा लेखक आता विधवेस धनाची व्यवस्थापक मानू लागला होता.

८

राजदरबार व काही बिशप यांच्याशी वितुष्ट आल्यामुळे जून ४०४ मध्ये ख्रिसोस्तोमास हद्दपार करण्यात आले. निघण्यापूर्वी त्याने बाप्तिस्मागृहात ऑलिंपियास, साल्व्हिना आणि अन्य दोन सेविकांचा निरोप घेतला. त्याच वेळी चर्चला आग लागली. आगीचा आळ घेऊन ऑलिंपियासला नगराधिपतीपुढे उभे करण्यात आले आणि तिच्याकडून मोठा दंड घेण्यात आला. पुढे तिला राजधानी सोडावी लागली.

आर्मेनियाच्या डोंगराळ भागातील कुकूसस या गावाहून ख्रिसोस्तोमाने तिला पत्रे लिहिली. ती ज्या दुःखाने खचली होती ते पतीच्या मृत्यूचे नव्हते; मंडळीची दुर्दशा आणि गुरूचा वियोग यांचे होते. तिच्या मनाला व्यापणाऱ्या विषादास तो ग्रीक भाषेतील ‘अथुमिया’ हा शब्द वापरतो आणि हा विषाद मृत्यूहूनही भयंकर आहे असे सांगतो. पहिल्या पत्रातील तरुण लेखकाने शोकास जखम म्हटले होते. आता तो त्याचे आजार म्हणून बारकाईने वर्णन करतो.

या पत्रांतही उपदेश आहे. खरे भय एकच, ते पापाचे. बाकी सारे येते आणि जाते, हे सूत्र त्यांत वारंवार येते. ईयोबाचे उदाहरण पुन्हापुन्हा येते. परंतु त्याबरोबर पत्रलेखकाच्या देहाची हकीकतही येते: प्रवासातील ताप, पोटाचा विकार, कडाक्याची थंडी, खोलीत कोंडून घेऊन शेकोटीच्या धुरात काढलेले दिवस, इसॉरियन लुटारूंचे भय, आणि आश्रय देणाऱ्यांचा चांगुलपणा. आपले हाल सांगून तो लगेच प्रकृती सुधारल्याचेही कळवितो, म्हणजे तिने काळजी करू नये. तिच्या प्रकृतीविषयी तो विचारतो. पत्र उशिरा आले तर तक्रार करतो. पत्रे मोठ्याने वाचीत जा, ती औषधासारखी उपयोगी पडतील, असेही सुचवितो.

सर्वांत महत्त्वाचा फरक वियोगाच्या विषयात दिसतो. थेरासियसच्या विधवेस त्याने वियोग हा केवळ प्रवास असल्याचे सांगितले होते. ऑलिंपियासला मात्र, प्रिय व्यक्तीचा वियोग सोसणे हे लहान काम नव्हे, त्यास फार मोठे मन लागते, असे तो मान्य करतो. मने एकत्र असली म्हणजे पुरे, असे तो म्हणत नाही. पौल थेस्सलनीकाकरांच्या प्रत्यक्ष दर्शनासाठी किती व्याकूळ झाला होता याचा दाखला देऊन, डोळ्यांनी पाहण्याची आणि कानांनी ऐकण्याची इच्छा ही दुर्बलता नसून प्रेमाचाच भाग आहे, असे तो दाखवितो. पहिल्या पत्रात धर्मग्रंथाचा आधार शोक आवरण्यासाठी घेतलेला होता. येथे तोच आधार शोकास मान्यता देण्यासाठी घेतलेला आहे.

९

या फरकाची कारणे तीन प्रकारची दिसतात. पहिले, पत्रांचे स्वरूप. इ. स. ३८० चे पत्र एका व्यक्तीस उद्देशून असले तरी अनेकांनी वाचावे अशा बेताने रचलेले आहे, तर ऑलिंपियासला लिहिलेली पत्रे चालू पत्रव्यवहारातील आहेत. दुसरे, वाचणाऱ्या स्त्रीचे स्थान. पुनर्विवाहाचा प्रश्न ऑलिंपियासने स्वतःच सम्राटाच्या इच्छेविरुद्ध सोडविला होता. तिला बांधून घेण्याचे वा तिची मालमत्ता कोठे जावी हे सुचविण्याचे कारण उरलेले नव्हते. उपदेशाचा हेतू गळून पडला, तेव्हा सांत्वन मोकळे झाले. तिसरे कारण लेखकाच्या परिस्थितीतले आहे. पहिल्या पत्राचा लेखक तीरावर उभा राहून वादळाविषयी बोलत होता. कुकूससचा वृद्ध हद्दपार स्वतःच वादळात होता, आणि ज्या स्त्रीस तो धीर देत होता तिच्या पत्रांवाचून त्यालाही धीर नव्हता.

येथे एक मर्यादा लक्षात घ्यावयास हवी. दोन्ही प्रसंगी आवाज पुरुषाचाच ऐकू येतो. ऑलिंपियासचीही पत्रे उरलेली नाहीत. परंतु तिने काय लिहिले असेल याचे पडसाद ख्रिसोस्तोमाच्या उत्तरांत सर्वत्र आहेत: तिचे आजारपण, तिची निराशा, मरणाची इच्छा, आणि त्याला अधिक सुखकर ठिकाणी हलविण्यासाठी तिने चालविलेली खटपट. थेरासियसच्या विधवेविषयी असे काही सांगता येत नाही. एका पत्रव्यवहारात विधवा हा उपदेशाचा विषय आहे. दुसऱ्यात ती पत्र लिहिणारी व्यक्ती आहे.

ख्रिसोस्तोम यास आणखी दूर, काळ्या समुद्राच्या पूर्वेकडील किनाऱ्यावर नेण्याचा हुकूम झाला. पाऊस आणि ऊन यांची पर्वा न करता चालविलेल्या त्या प्रवासात १४ सप्टेंबर ४०७ रोजी पाँटस प्रांतातील कोमाना येथे त्याचा अंत झाला. ऑलिंपियास त्यानंतर फार काळ जगली नाही, इ. स. ४०८ च्या सुमारास, राजधानीपासून दूरच, तिचे निधन झाले.

धर्मपुरुषांनी विधवांस लिहिलेल्या सांत्वनपत्रांचा अभ्यास करताना त्यांतील आध्यात्मिक आशयाबरोबर आणखी एक गोष्ट प्रत्येक वेळी तपासली पाहिजे. सांत्वनाच्या मोबदल्यात त्या स्त्रीकडून काय मागितले आहे, हा तो प्रश्न होय. थेरासियसच्या विधवेकडून पुष्कळ मागितले होते: तिचे तारुण्य, तिचे धन आणि तिचा शोकही. त्या बदल्यात तिला मानाचे पद आणि पुनर्भेटीची आशा देऊ केली होती. ऑलिंपियासकडून तिने बरे व्हावे, आणि बरी झाल्याचे कळवावे, यापलीकडे फारसे काही मागितलेले नाही.